मुलाच्या कानावर टिकेल तेच खरं

आई-बाबांनो,

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, वडील शिक्षक, आणि नेमबाजीचे धडे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. नाशिक तर आपल्या खान्देशापासून हाकेच्या अंतरावर. तेव्हा ‘आमच्या पोरालाही रायफलला घालावं का?’ असं तुमच्या मनात आलं असेल, तर त्यात नवल नाही. तसं खान्देशाला बंदुकीचं अप्रूप कधी नव्हतंच. वरणगावला काडतुसांचा कारखाना आहे, धुळ्याला राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे, आणि पहाटे पाचला भरतीसाठी धावणारी पोरं जळगावपासून शिरपूरपर्यंत कुठल्याही रस्त्यावर दिसतात. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये एअर रायफल आहे. जळगावच्या १८ महाराष्ट्र आणि धुळ्याच्या ४८ महाराष्ट्र बटालियनकडे एनसीसी करणारी मुलं-मुली कॅम्पमध्ये पॉइंट टू टू रायफल खांद्याला लावतात.

मुलाला या खेळात घालताना आपण काय काय विचारतो? रायफल केवढ्याला, जॅकेट भाड्याने मिळतं का, सर कसे आहेत, दहावीचं काय. हे सगळं विचारायलाच हवं. पण कानाचं कोणी विचारत नाही. गोळी लागण्याची भीती सगळ्यांना वाटते, आणि रेंजवर त्यासाठी कडक शिस्तही असते. आवाज मात्र लागतो तेव्हा रक्त निघत नाही, सूज येत नाही, आणि पोरगं घरी येऊन नेहमीसारखं जेवतं. म्हणून आज फक्त कानाबद्दल बोलू या.

आधी आवाज किती असतो ते पाहू. स्पर्धेच्या एअर रायफलमध्ये दारू नसते, दाबलेली हवा असते. तिचा आवाज खूप मोठा नसतो. पण बंद हॉलमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये आठ-दहा जण एकदम सराव करू लागले की भिंती तो परत फेकतात आणि तास-दीड तास टक-टक चालू राहते. पॉइंट टू टूची गोष्ट वेगळी. दिसायला ते काडतूस करंगळीच्या पेराएवढं, पण त्याचा बार नेमबाजाच्या कानाशी १४० डेसिबलच्या आसपास जातो. पिस्तुलाची नळी आखूड, म्हणून तिथे आवाज आणखी चढतो. बारा बोअरची शॉटगन १५० च्याही वर जाते. मोठ्या माणसाच्या कानाला अचानक येणाऱ्या आवाजाची जी कमाल मर्यादा जगभर धरतात, ती १४० आहे. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ती १२० च धरली आहे. आणि डेसिबलचा हिशेब आपल्या बेरजेसारखा नसतो. तीन डेसिबल वाढले की आवाजातली शक्ती दुप्पट होते. १२० आणि १४० मध्ये वीसचा फरक दिसतो, पण शक्तीत तो शंभर पटींचा आहे.

कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या वळणात, आवाज टिपणाऱ्या साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. दादर ज्वारीच्या उभ्या पिकातून एकदा गुरं गेली तर ताटं वाकतात आणि दोन दिवसांनी सावरतात. रोज गेली तर आडवी होतात ती कायमची. फरक इतकाच की शेतात पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतं. माणसाच्या कानात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. फायरिंग झाल्यावर कानात दडे बसतात, ‘टींऽऽ’ असा आवाज येत राहतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं ठीक वाटतं. ते वाकून सावरणं असतं. ‘बघा, झालं ना बरं,’ असं म्हणून आपण ते सोडून देतो, आणि नुकसान हळूहळू साचत जातं.

हे नुकसान सुरू होतं बारीक, उंच पट्टीच्या आवाजांपासून. मूल ‘ऐकू येत नाही’ असं म्हणतच नाही, कारण त्याला ऐकू येतं. फक्त ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी अक्षरं पुसट होतात आणि वर्गात मागच्या बाकावरून बाईंचं बोलणं अर्धवट कळतं. घरात टीव्हीचा आवाज वाढतो. हाक मारली की ‘काय?’ असं दोनदा येतं. आपण म्हणतो, लक्ष नाही पोराचं.

आणखी एक. आपल्याकडची कितीतरी मुलं एनसीसीत जातात ती पुढे वर्दी मिळावी म्हणून. ‘सी’ सर्टिफिकेट काढायचं, भरतीत त्याचा फायदा घ्यायचा, हे बऱ्याच घरांत आठवीपासून ठरलेलं असतं. त्या भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कानही तपासतात. ज्या फायरिंगच्या जोरावर पोरगं भरतीला उभं राहणार, त्याच फायरिंगने कान अधू झाले आणि तिथेच अडलं, असं व्हायला नको.

आता उपायाकडे येऊ. आपला खान्देश कापसाचा, म्हणून पहिला हात कापसाकडेच जातो. बोळा करून कानात घातला की आपल्याला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, पण कापूस आवाज जेमतेम काही डेसिबलच अडवतो. पॉइंट टू टूपुढे तो नसल्यातच जमा. कोणी कोणी रिकामी काडतुसं कानात घालतात. ती तर आत अडकून बसली की डॉक्टरकडेच निघतात. मोबाइलचे इअरफोन, मग ते कितीही भारी असोत, बंदुकीच्या बारासाठी बनवलेले नसतात. खरे पर्याय दोनच. कानात घालायचे इअर प्लग आणि कानावरून घालायचे इअर मफ.

दुकानात किंवा ऑनलाइन पाहाल तर प्रत्येक पाकिटावर एक आकडा दिसेल. अमेरिकन मालावर तो एनआरआर म्हणून असतो, युरोपीय मालावर एसएनआर म्हणून. जितका मोठा आकडा तितकं चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. पण तो आकडा प्रयोगशाळेतला असतो. तिथे शिकलेली माणसं प्लग नीट बसवतात, कोणी घाईत नसतं, कोणाच्या डोळ्यांवर चष्मा नसतो. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था सांगते की प्रत्यक्षात फोम प्लगचा आकडा निम्म्यावर धरा आणि मफचा पाऊणपट. म्हणजे ३३ लिहिलेला प्लग मुलाने घाईघाईत अर्धवट घातला, तर २५ चा नीट बसलेला मफ त्याला भारी पडतो.

सगळ्यात मोठा आकडा असलेला मफ पोरगं दहा मिनिटांत काढून गळ्यात अडकवत असेल, तर त्याचा उपयोग शून्य. जरा कमी आकड्याचा, पण पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत कानावर राहिलेला मफ कान वाचवतो. नुकसान करायला एक गोळीही पुरते आणि ती नेमकी मफ काढल्यावरच सुटते, बहुतेक वेळा शेजारच्या लेनमधून. म्हणून खरेदी करताना ‘किती आवाज अडवतो’ याआधी ‘माझं लेकरू हे दीड तास घालून बसेल का’ हा प्रश्न विचारा. दीड तास मी उगाच म्हणत नाही. दहा मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ६० शॉट असतात, त्यांना सव्वा तास मिळतो आणि त्याआधी तयारी व सायटिंगची १५ मिनिटं.

मफ का टोचतो? पहिलं कारण रायफल. रायफल धरताना गाल चीकपीसवर टेकवावा लागतो. मफची वाटी जाड असेल तर ती बटाला, म्हणजे दस्त्याला, धडकते. मग मूल मान वाकडी करतं नाहीतर वाटी जराशी वर सरकवतं. सरकवली की खालून फट पडते आणि फटीतून आवाज आत येतो. म्हणून रायफलवाल्याला पातळ वाटीचा मफ किंवा सरळ प्लग बरा. पिस्तूलवाल्याची ही अडचण नाही, हात लांब असतो. त्याने जाड वाटीचा मफ खुशाल घ्यावा.

दुसरं कारण चष्मा. आता वर्गात कितीतरी मुलांना चष्मा असतो. चष्म्याची काडी मफच्या गादीखालून जाते आणि तिथे बारीकशी बोगदेवजा वाट राहते. शिवाय काडी कानामागे रुतते आणि अर्ध्या तासात ठणकायला लागते. काडी बारीक आणि चपटी असावी, मफची गादी मऊ, शक्यतो जेलची असावी. तरी दुखत असेल तर प्लगकडे वळा. मुलींच्या कानात डूल, रिंगा असतील तर रेंजवर जाताना काढून ठेवा. गादीखाली त्या रुततात. वेणी किंवा पोनी बांधावी ती मफच्या पट्टीच्या वाटेत येणार नाही अशी.

तिसरं कारण आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये जळगावचा पारा ४४-४५ वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल ते सांगायला नको. मफच्या आत घाम साचतो, गादी बुळबुळीत होते, वाटी घसरते, कानामागे घामोळं येतं. अशा दिवसांत फोमचे प्लग सुटसुटीत पडतात. मफच वापरायचा असेल तर सुती रुमाल जवळ ठेवायचा आणि विश्रांतीच्या वेळी, रेंजच्या बाहेर जाऊन, कान व गाद्या पुसायच्या. घाम आणि उन्हाने गाद्या कडक होतात, त्यांना चिरा पडतात. मग दाब बसत नाही. साधारण वर्षभरात गाद्या बदला. गाद्या सुट्या मिळणाराच मफ घ्या, म्हणजे दरवर्षी नवा घ्यावा लागणार नाही.

चौथं कारण पट्टीचा दाब. मोठ्या माणसाचा मफ लहान डोक्यावर ढिला पडतो आणि ढिला पडतो म्हणून मूल तो दाबून धरतं. उलट फार घट्ट पट्टी असेल तर कपाळ दुखतं. दुकानात घालून पाहायला मिळाला तर पाच मिनिटं तसाच ठेवा, गप्पा मारा, मग विचारा. ऑनलाइन घेतलात तर परत करण्याची मुदत पाहून घ्या आणि घरी अभ्यास करताना अर्धा तास घालून बघायला सांगा.

प्लगचं तंत्र मात्र शिकवावं लागतं. बहुतेक जण तो बुचासारखा नुसता ढकलतात, आणि तो अर्धा बाहेरच राहतो. असं करा. हात स्वच्छ धुवा. प्लग बोटांच्या चिमटीत घेऊन हळूहळू लाटा, सुरकुती न पडता बारीक काडीसारखा होईपर्यंत. मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडे न्या आणि कान वरच्या कडेला धरून वर-मागे ओढा. कानाची वाट सरळ होते. प्लग आत सरकवा आणि बोटाने वीस-तीस सेकंद तसाच दाबून धरा. तो आत फुगतो आणि वाट बंद करतो. नीट बसला तर मुलाला स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटेल आणि समोरून पाहिलं तर प्लग जवळजवळ दिसणार नाही. आणखी एक खूण: गोंगाटात प्लग घालून दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबा आणि सोडा. आवाजात फारसा फरक पडला नाही तर प्लग बरोबर बसला आहे. हे चार-पाच वेळा घरीच करून घ्या. रेंजवर घाई असते.

दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या कानाची वाट बारीक असते. मोठा प्लग जात नाही, गेला तर दुखतो, आणि दुखतो म्हणून ते पुन्हा घालत नाहीत. छोट्या मापाचे फोम प्लग मिळतात. रबराच्या दोन-तीन छत्र्या असलेले, साबणाने धुऊन पुन्हा वापरायचेही मिळतात. ऑडिओलॉजिस्टकडे कानाचा साचा घेऊन बनवलेले प्लग सगळ्यात आरामाचे, पण वाढत्या वयात कान वाढतो आणि तो साचा पुढे बसेनासा होतो. शाळेतल्या मुलासाठी एवढा खर्च लगेच करायची गरज नाही. फोमचा प्लग मळला, कडक झाला की फेकून द्या. आणि ज्या मुलाचा कान वाहतो, पडद्याला भोक आहे किंवा कानात दुखतंय, त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्लग घालू नका.

प्लगवर मफ घालू का, असं विचाराल. पॉइंट टू टू पिस्तूल किंवा शॉटगन असेल, बंद हॉल असेल, तर हो. पण दोन्हींच्या आकड्यांची बेरीज होत नाही. दुसऱ्याने साधारण पाचेक डेसिबलची भर पडते. एअर रायफलला दोन्हीची गरज नाही, उलट तोटाच आहे. मुलाला रेंज ऑफिसरचं ‘स्टॉप’ ऐकू यायलाच हवं. ते ऐकू न येण्याइतका बंदोबस्त केला तर आपण कान वाचवून दुसराच धोका ओढवून घेतो.

बोलणं ऐकू येऊ देणारे आणि बार झाला की आपोआप आवाज तोडणारे इलेक्ट्रॉनिक मफही मिळतात. महाग असतात आणि सरावाला, सरांचं ऐकायला छान असतात. पण घेण्याआधी हे लक्षात ठेवा: आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत खेळाडूला आवाज ग्रहण करणारं यंत्र बसवलेलं कानसंरक्षण चालत नाही. पुढे राज्य, राष्ट्रीय स्पर्धांना वरळीच्या किंवा बालेवाडीच्या रेंजवर उभं राहायचं असेल तर साध्याच मफ-प्लगची सवय असलेली बरी. स्पर्धेच्या दिवशी नवी वस्तू कानावर चढवली की नेम तिकडेच जातो.

नेमावरून आठवलं. मुलाला ‘कान जपावा’ हे पटत नसेल तर त्याला गुणांची भाषा सांगा. बार मोठा वाटला की अंग दचकतं. दचकण्याच्या भीतीने गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटतात आणि ट्रिगर हळू दाबण्याऐवजी हिसकला जातो. दहावर धरलेला नेम सातवर जातो. चांगला मफ घातलेल्या मुलाचं अंग शांत राहतं. म्हणजे मफ हा घाबरटपणा नव्हे, जॅकेट आणि ग्लोव्हसारखाच खेळाचा भाग. ‘काही नही व्हस रे भो’ म्हणून उघड्या कानांनी फायर करणारा मोठा पोरगा जवळपास असतोच. त्याच्या शौर्यापुढे हे गणित मांडा.

एनसीसीच्या कॅम्पला मूल जात असेल तर पिशवीत गणवेश, पॉलिश, सुई-दोऱ्याबरोबर प्लगची डबीही ठेवा. फायरिंगला प्लग वापरता येतील ना, हे आधीच एएनओंना, म्हणजे एनसीसी सांभाळणाऱ्या सरांना किंवा मॅडमना, आदराने विचारा. मुलाला एकच शिकवा. आपली पाळी आल्यावर नव्हे, रेंजच्या हद्दीत पाऊल टाकताना प्लग घालायचा आणि बाहेर पडल्यावरच काढायचा. स्वतःच्या गोळ्या मोजक्याच असतात, पण शेजारच्या लेनमधले बार सगळे आपल्याच कानावर येतात. आणि उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या बाजूला असतो, त्याला जास्त सोसावं लागतं. म्हणून डाव्या कानाचा प्लग दोनदा तपासायचा.

तुम्हीही रेंजवर बघायला जाता, धाकट्याला कडेवर घेऊन मागे उभे राहता. त्याचा कान लहान, त्याला मर्यादाही कमी. पॉइंट टू टूच्या फायरिंगला तान्ह्या मुलांना नेऊच नका. आणि तुम्ही जाल तेव्हा तुमच्याही कानात प्लग असू द्या. मूल सांगण्यापेक्षा पाहून शिकतं.

पॉइंट टू टू सुरू करण्याआधी एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या आणि कागद जपून ठेवा. मग दरवर्षी एकदा. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नाक-कान-घसा विभाग आहे, तिथे चौकशी करा. फायरिंगनंतर दडे किंवा ‘टीं’ आवाज दुसऱ्या दिवशीही राहिला, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर ‘बघू चार दिवस’ म्हणू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा, उशीर झाला तर उपचाराला वाव कमी राहतो. आणि ज्या दिवशी फायरिंग झालं त्या संध्याकाळी वरातीतल्या डीजेसमोर नाचायला पाठवू नका. दिवसभरात कानाने सोसलेलं सगळं एकाच खात्यात जमा होतं.

खर्चाचं म्हणाल तर फोमचे प्लग काही रुपयांत येतात, साधा चांगला मफ काही शेकड्यांत. रायफल, पेलेट आणि प्रवासाच्या खर्चापुढे हा आकडा काहीच नाही. पण पैसे देण्याइतकंच दुसरंही काम तुमचंच आहे. मूल ‘हे टोचतं’ म्हणालं तर ‘होईल सवय’ म्हणून गप्प करू नका. ‘कुठे टोचतं? चष्म्यापाशी की बटापाशी?’ असं विचारा आणि दुसरं माप, दुसरी गादी, दुसरा प्लग बघा. जे टोचतं ते मूल तुमच्यासमोर घालतं आणि तुम्ही वळलात की काढतं.